वय झालं म्हणून नव्हे

भंडारा जिल्ह्यात कासव कुणाला नवं नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा तलावांचा मुलूख आहे. माजी मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या आणि धानाच्या बांध्यांमध्ये साचलेलं पाणी, सगळीकडे कासवाचा वावर असतो. ढिवरांच्या जाळ्यात ते अधूनमधून सापडतं. पहिल्या पावसात बांधावरून चालताना दिसतं. पाणी स्वच्छ राहतं या समजुतीने ते पिढ्यान्‌पिढ्या विहिरीतही सोडलं जातं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यात आणखी एक भर पडली. शहरातल्या दुकानांतून रुपयाएवढी हिरवी पिल्लं काचेच्या टाक्यांतून घरात आली. मुलांनी हट्टाने आणलेलं ते पिल्लू मुलं शिकायला पुण्याला गेली तरी घरातच राहिलं. आता ते वीतभर लांब झालं आहे आणि त्याची देखभाल आजी-आजोबांकडे आली आहे.

अशा घरात एक दिवस कासव खाणं सोडतं. दोन दिवस जातात, आठवडा जातो. ते कोपऱ्यात डोळे मिटून पडून राहतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘वय झालं आता त्याचं.’ सगळे मान डोलावतात आणि वाट पाहू लागतात.

हे प्रकरण त्या वाट पाहण्याविरुद्ध आहे. न खाणाऱ्या कासवाच्या बाबतीत वय हे सगळ्यात शेवटी मानायचं कारण आहे. त्याआधी तपासायची कितीतरी कारणं असतात. त्यांतली बरीचशी घरातल्या घरात दुरुस्त करता येतात आणि उरलेल्यांपैकी अनेकांवर पशुवैद्यकाकडे उपचार आहेत.

कासव म्हातारं कसं होतं?

माणूस, गाय किंवा कुत्रा यांचं वय वाढतं तसा दरवर्षी मरणाचा धोकाही वाढत जातो. कासवांच्या बाबतीत हा हिशोब वेगळा आहे. जून २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात रीटा दा सिल्वा, दालिया कोंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राणिसंग्रहालयं आणि मत्स्यालयांमधल्या ५२ जातींच्या कासवांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. सुमारे ७५ टक्के जातींमध्ये वार्धक्याचा वेग अतिशय मंद किंवा नगण्य होता. सुमारे ८० टक्के जाती आजच्या माणसापेक्षाही सावकाश म्हाताऱ्या होत होत्या. त्यातला एक निष्कर्ष पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. राहणीची परिस्थिती सुधारली की काही जातींचा वार्धक्याचा वेग आणखी कमी होतो.

जंगलातले पुरावेही हेच सांगतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका राखीव क्षेत्रात १९५४ मध्ये ब्लँडिंग जातीच्या एका मादीच्या कवचावर खूण केली होती. २०१६ मध्ये ती पुन्हा सापडली. तेव्हा ती किमान ८३ वर्षांची होती आणि अंडी घालायला निघाली होती. त्याच क्षेत्रातल्या दीर्घ अभ्यासात वयस्क माद्या तरुण माद्यांपेक्षा एका वेळी जास्त अंडी घालताना दिसल्या. अमेरिकेतलं बॉक्स टर्टलही असंच दीर्घायुषी आहे. घुमटासारखी पाठ आणि पोटाच्या कवचाला बिजागरी असलेलं हे छोटं कासव डोकं-पाय आत ओढून स्वतःला पूर्ण बंद करून घेऊ शकतं. ते पन्नास वर्षं सहज जगतं आणि काही कासवं शंभरीच्या जवळ जातात.

म्हणजे पंधरा-वीस वर्षांचं घरगुती कासव खरं तर ऐन उमेदीत असतं. ते थकलेलं दिसत असेल तर बहुधा ती वर्षानुवर्षांच्या चुकीच्या उजेडाची, चुकीच्या अन्नाची आणि चुकीच्या उबेची बेरीज असते. शरीर हे ओझं बराच काळ मुकाट्याने वाहतं आणि मग एकदम उत्तर देतं. कासवाचा आजार आज दिसला म्हणजे तो आज सुरू झाला असं नसतं.

खरोखर अतिवृद्ध कासव पाहायचं असेल तर दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथनकडे पाहावं. तो सेशेल्सचा महाकाय भूकासव आहे. १८८२ मध्ये तो बेटावर आला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता, म्हणून त्याचा जन्म १८३२ च्या सुमाराचा धरतात. २०२२ मध्ये त्याचा १९० वा वाढदिवस साजरा झाला. मोतीबिंदूने त्याची दृष्टी गेली, वासाची जाणीवही गेली. चांगलं गवत सापडेना, त्यामुळे तो खंगला आणि त्याची चोच ठिसूळ झाली. बेटावरचे पशुवैद्यक जो हॉलिन्स यांनी ‘आता वय झालं’ म्हणून हात टेकले नाहीत. त्यांनी गाजर, काकडी, सफरचंद, केळी, पेरू अशी फळं-भाज्या दर आठवड्याला हाताने भरवायला सुरुवात केली. जोनाथनचं वजन सुधारलं आणि चोच पुन्हा धारदार झाली. दोनशेच्या घरातल्या प्राण्याची भूक आणि तब्येत सुधारू शकते, तर आपल्या घरातल्या वीस वर्षांच्या कासवाबद्दल इतक्या लवकर निराश व्हायचं कारण नाही.

आधी ओळखा, कोणतं कासव आहे

उपचार ठरवण्यापूर्वी जात कळायला हवी, कारण एकाचं औषध दुसऱ्याचं विष ठरू शकतं.

कानाजवळ लाल पट्टा असलेलं, पाण्यात पोहणारं आणि उन्हात दगडावर चढून बसणारं कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानांतून येणारी बहुतेक कासवं हीच असतात. पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं, जमिनीवर चालणारं आणि गवत-पाला खाणारं ते तारा कासव. मऊ कातडीसारखी पाठ आणि मागचे पाय झाकणाऱ्या पोटाकडच्या पाळ्या असलेलं ते आपल्या बोड्यांतलं फ्लॅपशेल. विहिरींत बहुधा हेच सापडतं. गडद तपकिरी-काळ्या कठीण पाठीचं आणि पाठीवर तीन उभ्या कडा असलेलं ते काळं तळ्यातलं कासव. बॉक्स टर्टल भंडाऱ्यात क्वचितच भेटेल. त्याची अमेरिकी जात परदेशी पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून येते. बिजागरीच्या कवचाच्या आशियाई जाती भारतात ईशान्येकडच्या जंगलांत आणि निकोबार बेटांवर आहेत.

इथे कायद्याचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालत नाही. तारा कासव आणि फ्लॅपशेल ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यानुसार त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. ती घरात ठेवणं हा तुरुंगवासाच्या शिक्षेचा गुन्हा आहे. अमेरिकी बॉक्स टर्टलचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. असे परदेशी प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. घरात किंवा विहिरीत देशी कासव असेल, विशेषतः आजारी असेल, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावं. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. जखमी आणि आजारी वन्यप्राण्यांवर तिथे उपचार होतात. भंडाऱ्यापासून ते साधारण साठ किलोमीटरवर आहे.

विहिरीतल्या कासवाबद्दल आणखी एक गोष्ट. त्याला ऊन मिळत नाही, अंडी घालायला माती मिळत नाही आणि बाहेर निघायला वाट नसते. पाणी स्वच्छ ठेवण्याचं काम त्याच्याकडून होत नाही, उलट त्याची विष्ठा त्याच पाण्यात मिसळते. ही प्रथा श्रद्धेने चालत आली असली तरी ती थांबवणं हेच कासवाच्या हिताचं आहे.

भूक जाण्याचं पहिलं कारण: थंडी

कासव स्वतःच्या शरीरात ऊब तयार करत नाही. भोवतालचं तापमान तेच त्याचं तापमान. पचनाचे रस, आतड्यांची हालचाल आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी या सगळ्यांना ऊब लागते. डिसेंबर-जानेवारीत भंडाऱ्याच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. फरशीवर ठेवलेल्या टाकीतलं पाणी सकाळी गार पडलेलं असतं. त्या पाण्यातल्या स्लायडरला भूक लागतच नाही, आणि तेच योग्य असतं. थंड शरीरात गेलेलं अन्न पचत नाही, ते आतच कुजतं.

म्हणून पहिली खरेदी थर्मामीटरची. स्लायडरच्या पाण्याचं तापमान २४ ते २७ अंश असावं आणि उन्हाला बसायच्या कोरड्या जागेचं ३१ ते ३३. बॉक्स टर्टलला दिवसा २४ ते २९ अंश पुरतात, एका कोपऱ्यात ३० च्या थोडं वर असलं की झालं. तारा कासवाला २७ ते ३२ अंश लागतात. आजारी किंवा वयस्क कासवाला या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ ठेवावं. आपल्याला ताप येतो तेव्हा शरीर जे साधतं, तेच आजारी कासव उबदार जागी जाऊन बसून साधत असतं. त्या जागेबरोबर एक कमी उबेची जागाही हवी, म्हणजे त्याला निवड करता येते. विजेवर तापणारे दगड मात्र वापरू नयेत. त्यांनी पोट भाजतं आणि ते कासवाच्या वेळेत लक्षात येत नाही.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तेव्हा काचेची टाकी उन्हात ठेवली तर काही मिनिटांत कासव दगावू शकतं. फ्लॅपशेल अशा दिवसांत बोडीच्या चिखलात खोल गाडून घेतं आणि पावसाची वाट पाहतं. घरातल्या कासवाला तो मार्ग नसतो. त्याला सावली, ओलसर माती आणि ताजं पाणी आपण द्यायचं. बॉक्स टर्टलला दमट हवा लागते. विदर्भातल्या कोरड्या झळांमध्ये त्याचे डोळे आणि नाक सुकतात आणि खाणं बंद होतं. कूलरची खोली त्याला मानवते, पण कूलरचा झोत थेट अंगावर येता कामा नये.

दुसरं कारण: उजेड

सूर्यप्रकाशातल्या अतिनील-ब किरणांनी कासवाच्या त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं. त्याशिवाय अन्नातलं कॅल्शियम शरीराला वापरता येत नाही. मग शरीर हाडांतलं आणि कवचातलं कॅल्शियम काढून घेतं. कवच मऊ किंवा वेडंवाकडं होतं, जबडा दुबळा होतो, पायांत बळ राहत नाही. जबडा दुखत असेल तर कासव अन्नाजवळ येतं, तोंड उघडतं आणि परत फिरतं. घरच्यांना वाटतं की त्याला ते अन्न आवडलं नाही.

खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे कामाचं नाही, काच हे किरण अडवते. बाजारात मिळणारा अतिनील-बचा दिवा उपयोगी आहे, पण तो पेटत राहिला तरी त्यातून निघणारे किरण सहा ते बारा महिन्यांत क्षीण होतात, म्हणून तो बदलावा लागतो. सुदैवाने आपल्याकडे ऊन फुकट आणि भरपूर आहे. हिवाळ्यात सकाळी दहानंतर आणि उन्हाळ्यात आठच्या आधी, अंगणात अर्धी जागा सावलीत ठेवून कासवाला बाहेर आणावं. त्या वेळात घार, कावळा, कुत्रा, मांजर यांच्यावर नजर ठेवायला कुणीतरी जवळ बसलेलं असावं.

पहिल्या आठवड्यात काय करावं

कासवाने खाणं सोडलं की घरातल्यांचा जीव कासावीस होतो आणि कुणीतरी चिमट्याने त्याच्या तोंडात अन्न कोंबायला जातं. हे करू नये. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. हा क्रम मोडला तर नुकसान होतं.

ऊब देऊन एक दिवस झाला की जमिनीवरच्या कासवाला पसरट घमेल्यात कोमट पाण्यात बसवावं. पाणी साधारण २८ ते ३० अंश असावं आणि हनुवटीच्या खालीच राहावं. वीस ते तीस मिनिटं रोज एकदा. कासव त्यातलं पाणी पितं, बहुधा त्यातच लघवी आणि शी करतं. लघवीबरोबर येणारा पांढरा मऊ पदार्थ नेहमीचा असतो. तो रेतीसारखा खरखरीत आणि कडक असेल तर शरीरात पाणी कमी आहे असं समजावं.

अन्नाआधी एक काम वजनाचं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरावीक वेळी, वजन करून वहीत लिहावं. कवच आकसत नाही, त्यामुळे कासव वाळलेलं डोळ्यांना दिसत नाही, पण काट्यावर लगेच कळतं. दहा टक्के वजन उतरलं तर थांबायची वेळ संपली.

त्यानंतर अन्न समोर ठेवावं. वयस्क कासवाला चालतं, वळवळतं आणि रंगीत काही दिसलं की भूक चाळवते. गांडूळ, पिकलेल्या पपईची फोड, जास्वंदीचं लाल फूल या तीन गोष्टींनी बॉक्स टर्टल बहुधा तोंड उघडतं. सकाळी अंगावर कोमट पाणी शिंपडल्यावर पंधरा मिनिटांनी खायला द्यावं, कारण पावसानंतर अन्न शोधायला निघणं हा त्याचा स्वभाव आहे. स्लायडर पाण्यातच गिळू शकतो, म्हणून त्याला पाण्यातच खायला घालावं. अर्ध्या तासात न खाल्लेलं उचलून टाकावं.

तापमान बरोबर असूनही सात ते दहा दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर पशुवैद्यकाकडे न्यावं. इतर कोणतंही लक्षण दिसलं तर तेवढंही थांबू नये.

ताटात काय असावं

घरगुती कासवाचं आजारपण बहुतेक वेळा ताटातून सुरू होतं. भात, पोळी, बिस्किट, दूध हे कासवाचं अन्न नाही. दूध तर त्याला पचतच नाही. दुकानातले सुके झिंगे हे चवीपुरतं खाणं आहे. वर्षानुवर्षं तेवढ्यावरच वाढवलेल्या स्लायडरमध्ये अ जीवनसत्त्वाची कमतरता होते.

आपल्या परसातच चांगलं अन्न आहे. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं. लाल भोपळा, गाजर आणि केशरी रताळं यांचा रंग अ जीवनसत्त्वाची खूण आहे. जास्वंदीची पानं-फुलं सगळ्याच कासवांना मानवतात. पालक, चुका, माठ मात्र रोज देऊ नये, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला अडकवून ठेवतं. बॉक्स टर्टलच्या ताटात साधारण अर्धं वनस्पतीचं आणि अर्धं प्राणिज अन्न असावं. स्लायडर लहानपणी मांसाहारी असतो आणि मोठेपणी पाला जास्त खातो. तारा कासवाला गवत आणि पालाच द्यावा, मांस किंवा कुत्र्याचं खाद्य मुळीच नाही. पालाहारी कासवाला जास्त प्रथिनं दिली की मूत्रपिंडावर ताण येतो आणि सांध्यांमध्ये युरिक आम्ल साचतं.

कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा टाकीत ठेवावा किंवा अंड्याच्या टरफलाची बारीक पूड अन्नावर भुरभुरावी. खायचा चुना कधीही देऊ नये, त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते. धानाच्या बांधावरचा पाला, गोगलगायी आणि गांडुळं आणताना त्या बांधीत फवारणी झाली होती का, हे आधी विचारावं.

शरीर कोणत्या खुणा दाखवतं

सुजलेल्या, चिकटलेल्या पापण्या ही वयस्क घरगुती कासवांमधली नेहमीची तक्रार. अ जीवनसत्त्व कमी पडलं की डोळ्यांच्या आणि श्वासमार्गाच्या आतलं अस्तर जाड व कोरडं होतं. कासव अन्न डोळ्यांनी शोधतं, डोळे मिटले की त्याचं जेवण संपतं. त्यात संसर्ग झाला तर डोक्याच्या बाजूला, कानाच्या जागी, टेंगूळ येतं. कासवाचा पू पातळ नसतो, तो घट्ट गोळा होतो. त्यामुळे थेंब घालून काही होत नाही, डॉक्टरांना छेद घेऊन तो काढावा लागतो. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मनाने देऊ नये. मात्रा वाढली तर कातडी सोलून निघते.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान ताणून शिट्टीसारखा आवाज, पाण्यात एका बाजूला कलून तरंगणं, या फुप्फुसाच्या आजाराच्या खुणा आहेत. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं आणि नीट खोकताही येत नाही. आत साचलेला कफ बाहेर पडत नाही. अशा कासवाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्यावं.

वाढलेली, वाकडी झालेली चोच अन्न तोडू देत नाही. ती डॉक्टरांकडून घासून घ्यावी, नेलकटरने तोडली तर उभी चिरते. चोच वारंवार वाढत असेल तर यकृताची तपासणी करावी, कारण लठ्ठ कासवांमध्ये यकृतात चरबी साचण्याचा आजार होतो.

मादी अस्वस्थपणे मागच्या पायांनी उकरत असेल आणि खात नसेल तर तिच्या पोटात अंडी अडकलेली असू शकतात. नर सोबत नसला तरी मादी अंडी घालते. बॉक्स टर्टलची मादी तर नराचं बीज अनेक वर्षं शरीरात सांभाळते. तिला उकरायला खोल, ओलसर माती मिळाली नाही की अंडी आत राहतात. मूत्राशयातले खडे, आतड्यातले जंत आणि गिळलेल्या खड्यांनी झालेला अडथळा ही भूक मंदावण्याची आणखी कारणं. यांतलं काहीही वरून दिसत नाही. क्ष-किरण आणि विष्ठेच्या तपासणीशिवाय ते समजत नाही.

डॉक्टरकडे जाताना

गावातले पशुवैद्यक गाय, म्हैस, शेळी यांच्यात मुरलेले असतात. त्यांना कासव दाखवताना एक गोष्ट ठामपणे सांगावी: आयव्हरमेक्टिन देऊ नका. गुराढोरांच्या जंतांवर आणि गोचिडांवर सर्रास वापरलं जाणारं हे औषध कासवांच्या मेंदूपर्यंत पोचतं आणि त्यांना पंगू करून मारतं. कासवांच्या जंतांवर दुसरी सुरक्षित औषधं आहेत.

अवघड आजारासाठी नागपूरचा रस्ता धरावा. नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून चालू आहे आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही तिथेच आहे. निघण्यापूर्वी फोन करून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर कोणत्या वेळी असतात ते विचारावं. कासवाला हवेशीर खोक्यात ओल्या कापडावर न्यावं, पाण्याच्या बादलीत नव्हे. हिवाळ्यात कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवावी. सोबत वजनाची वही, ताजी विष्ठा, राहत्या जागेचा फोटो आणि रोजच्या अन्नाची यादी असावी. या चार गोष्टींवरून जाणता डॉक्टर अर्धं निदान करतो.

कवचाला तेल, हळद किंवा पॉलिश लावायची सवय अनेक घरांत आहे. कवच हे जिवंत हाड आहे, त्यावर नखासारखं आवरण असतं. तेलाखाली घाण आणि बुरशी धरते. जखम असेल तर ती डॉक्टरांनाच दाखवावी.

वयस्क कासवाचं घर

उपचारानंतरही काही कासवांची नजर, पायातलं बळ किंवा चोचीची धार पूर्वीसारखी होत नाही. त्यांच्यासाठी घर बदलावं लागतं. पाणी उथळ करावं, पाठीच्या उंचीपेक्षा थोडंच जास्त. वर चढायची फळी कमी उताराची आणि खडबडीत करावी. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, तिथे माती किंवा गोणपाट टाकावं. उलटं पडलं तर सरळ होता येत नाही, म्हणून उंच कडा काढून टाकाव्यात. आंधळ्या कासवाचं सामान हलवू नये. ताट रोज त्याच जागी, त्याच वेळी ठेवावं आणि ठेवताना जमिनीवर हलकी टकटक करावी. ते कंप ओळखायला शिकतं. दात नसलेल्या, बोथट चोचीच्या प्राण्याला अन्न किसून, ओलं करून द्यावं. दोन कासवं एकत्र असतील तर वयस्काला वेगळं जेवू घालावं, कारण धाकटं त्याला ताटाजवळ येऊ देत नाही.

हात धुण्याचा नियम घरातल्या प्रत्येकाला लागू आहे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलांना होणाऱ्या संसर्गामुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. कासवाचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये आणि पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात कासव देऊ नये.

तलावात सोडणं म्हणजे सुटका नव्हे

कंटाळलेलं कुटुंब कधी कधी स्लायडरला जवळच्या तलावात सोडून येतं आणि पुण्य केल्यासारखं वाटतं. घरात वाढलेलं आजारी कासव तिथे उपाशी मरतं. निरोगी असेल तर त्याहून वाईट घडतं. ते टिकतं, वाढतं आणि आपल्या फ्लॅपशेलची जागा, ऊन आणि अन्न बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत स्लायडरचं नाव आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्था ढिवर बांधवांबरोबर मालगुजारी तलावांमध्ये देशी पाणवनस्पती पुन्हा लावत आहेत, म्हणजे देशी मासे परततील. अशा तलावात पाणवनस्पती खाणारा परका प्राणी सोडणं म्हणजे त्या कष्टांवर पाणी फिरवणं.

कासव घरात ठेवणं ही जबाबदारी एका माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब चालू शकते. सत्तरीतल्या आजोबांकडे पंचवीस वर्षांचं कासव असेल तर पुढच्या तीस वर्षांचा प्रश्न आजच सोडवायला हवा. ते कुणाकडे जाईल, त्या घरात ऊन येतं का, डॉक्टर कोण आहेत, हे घरात बसून ठरवावं. आठवड्याच्या वजनाची ती वही मग नुसती नोंद राहत नाही. काय खाल्लं की तब्येत सुधारली, कोणत्या हिवाळ्यात भूक गेली, कोणतं औषध लागू पडलं हे तिच्यात असतं. कासवाबरोबर ती पुढच्या माणसाच्या हाती द्यावी. मग ‘वय झालं’ म्हणण्याआधी त्या घरात कुणीतरी वही उघडून पाहील, थर्मामीटर लावील आणि खरं कारण शोधील.